रोड बाइकवरून ऑफिसला जाताना सामान कसं न्यायचं (कॅरिअर नसला तरी)

रोड बाइक (म्हणजे बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची वेगाची सायकल) घेतली तेव्हा डोक्यात फक्त रविवार होता. सकाळी सहाला निघायचं, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं, पोहे खायचे, परत यायचं. मग एकदा वाटलं की एवढी महागाची वस्तू आठवड्यातले सहा दिवस बाल्कनीत उभी असते आणि आपण मात्र ट्रॅफिकमधे क्लच दाबत बसतो, त्यापेक्षा हिच्यावरूनच ऑफिसला जाऊ की. कोथरूड ते हिंजवडी, पंधरा-सोळा किलोमीटर, मधे चांदणी चौकाचा चढ, जमण्यासारखं आहे. आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या सायकलला कोथिंबिरीची जुडी अडकवायलाही जागा नाही. बाबांच्या काळ्या सायकलच्या कॅरिअरवर गॅसचा सिलेंडर यायचा, इथे ना कॅरिअर, ना स्टँड, ना मडगार्ड.

त्यानंतर मी बरंच काय काय करून बघितलं, त्यातलं काही फसलं, काही अजून चालू आहे, ते सगळं सांगतो.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दूधवाल्याची सायकल नीट बघा कधीतरी. दोन्ही बाजूला कॅन, खाली चाकाच्या मध्यापाशी लटकलेले, घट्ट बांधलेले, आणि तो माणूस एका हाताने फोनवर बोलत चाललेला असतो (हे करू नका). वजन प्रचंड, पण ते हलत नाही आणि खाली आहे, म्हणून सायकल सरळ जाते. उलट तुम्ही हँडलला दोन किलोची भाजीची पिशवी अडकवून बघा, दहा मिनिटांत वैताग येतो, पिशवी गुडघ्याला लागते, हँडल आपोआप वळतं. तर सामानाचं वजन हा प्रश्न दुसरा, सामान हलतं का हा पहिला. रोड बाइक हलकी असते, नऊ-दहा किलो, त्यामुळे तिच्यावर पाच किलो जरी डुलायला लागले तरी ते सायकलला स्वतःबरोबर डुलवतात.

आता वजन करा. खरंच करा, बाथरूमच्या काट्यावर आधी नुसते उभे राहा मग बॅग घेऊन. माझं पहिल्या आठवड्यातलं असं निघालं: लॅपटॉप १.६ किलो, चार्जर पाऊण किलोच्या आसपास कारण ऑफिसचा तो विटेसारखा चार्जर, स्टीलचा डबा भरलेला १ किलो, कपडे आणि टॉवेल १ किलो, बूट पाऊण किलो, कुलूप १ किलोच्या वर, रेनकोट, पंप, ट्यूब, पाणी. सात किलो सहज झाले. यातलं निम्मं रोज न्यायची गरजच नव्हती. बूट ऑफिसमधे डेस्कखाली ठेवले, कायमचे. चार्जर दुसरा मागून घेतला, आयटीवाले कुरकुरले पण दिला. कुलूप ऑफिसच्या पार्किंगमधल्या खांबालाच अडकवून येतो, कोण नेणार आहे नुसतं कुलूप. आणि कपडे मी सोमवारी बसने जातो तेव्हा चार दिवसांचे एकदम नेतो, शुक्रवारी मळके घेऊन येतो. उरलं काय, लॅपटॉप, डबा, एक टीशर्ट आणि हत्यारं, साडेतीन ते चार किलो. चांदणी चौकाच्या चढाला हा फरक पायांना कळतो, तुमचं आणि सायकलचं मिळून ८० किलो असतील तर तीन किलो म्हणजे जवळपास चार टक्के जास्त ओढायचं.

मग सायकल बघा. मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ फ्रेमला आटे असलेली छोटी भोकं आहेत का, आणि वर सीटच्या खाली जिथे दोन बारीक पाइप येऊन मिळतात तिथे आहेत का. काही सुरुवातीच्या किमतीतल्या ॲल्युमिनियम रोड बाइकना असतात आणि लोकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं, कारण त्यात प्लास्टिकचं बूच किंवा नुसती माती असते. असतील तर तुमचे निम्मे प्रश्न संपले. रेसिंगच्या फ्रेमला बहुतेक नसतात. दुसरं म्हणजे फ्रेम आणि सीटपोस्ट (सीटखालचा उभा दांडा) कशाचा आहे, कारण कार्बनवर कसलाही क्लॅम्प आवळून त्यावर सामान टांगायचं नाही, कार्बन एका बाजूने दाबला की आतून तडकू शकतो आणि बाहेरून दिसत नाही. तिसरं, मागच्या चाकाचे स्पोक मोजा. साध्या सायकलला ३६ किंवा ४० असतात, हलक्या रोड व्हीलला २४ किंवा त्याहून कमी. तुम्ही स्वतः ८५-९० किलोचे असाल आणि चाक २४ स्पोकचं असेल तर मागे दहा किलो लादायच्या आधी विचार करा. माझा एक स्पोक तुटला तो बाणेरच्या एका न दिसलेल्या स्पीडब्रेकरवर, सामान फक्त सहा किलो होतं पण सगळं मागे होतं. आणि सायकलबरोबर जे पुस्तक येतं ना, जे कोणी उघडत नाही, त्यात एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते, त्यात तुम्ही, सायकल आणि सामान सगळं धरलेलं असतं की नाही तेही तिथेच लिहिलेलं असतं. ते वाचा.

आता सामान ठेवायचं कुठे.

सगळ्यात सोपं म्हणजे पाठीवर. सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि बरेच जण तिथेच थांबतात, त्यात काही वाईट नाही. पाठीवरच्या बॅगेचा मोठा फायदा हा की खड्डा आला तर आपण सीटवरून थोडे उठतो आणि आपले हातपाय धक्का खातात, लॅपटॉपला कमी बसतो. तोटा घामाचा, तो तर पुण्यात मार्च ते मे विचारूच नका. आणि रोड बाइकवर आपण वाकलेले असतो त्यामुळे साधी कॉलेजची सॅक उतारावर घसरत घसरत मानेपर्यंत येते आणि हेल्मेटला मागून ढकलते, मग मान वर करून पुढचं बघता येत नाही. यासाठी छातीचा पट्टा आणि कमरेचा पट्टा दोन्ही असलेली बॅग घ्या, कमरेचा पट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, छातीचा सगळ्यात शेवटी. जड वस्तू तळाला आणि पाठीला चिकटून. तीन-चार किलोच्या वर पाठीवर न्यायचं नाही असं माझं मत, त्याच्या वर गेलं की कंबर आणि बूड दोन्ही तक्रार करतात, कारण ते वजन शेवटी सीटवरच येतं ना.

सीटच्या मागची बॅग. यात दोन प्रकार. एक जुना, आडवा, कापडी. ब्रिटनमधे कॅराडाइस नावाची कंपनी १९३२ पासून या बनवते, मेणकापडासारखं जाड सुती कापड आणि चामड्याचे पट्टे, तिकडचे क्लबवाले सायकलस्वार हलक्या सायकलवर कॅरिअर न लावता यातच सामान नेत आले. याला सीटच्या मागे पट्टा ओवायच्या दोन कड्या लागतात, आजकालच्या सीटना त्या नसतात, मग वेगळा क्लॅम्प मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे बाइकपॅकिंगवाले (सायकललाच बॅगा बांधून लांब भटकणारे) वापरतात ती लांबुळकी बॅग, मागे शेपटीसारखी दिसते. दोन्हीसाठी सीटच्या दांड्या आणि मागचं टायर यात अंतर लागतं, साधारण वीतभर तरी. बुटक्या माणसाची सायकल असेल तर तेवढं नसतं आणि बॅग भरल्यावर टायरला घासते, घासून भोक पडतं आणि तुम्हाला कळतं तेव्हा टीशर्टची एक बाही नसते.

शेपटीवाल्या बॅगेत सामान भरायची पद्धत महत्त्वाची आहे. जड ते आत सीटपोस्टच्या बाजूला, हलकं ते शेवटाला. कपडे घडी न घालता गुंडाळी करून ठासून भरायचे, पोकळी राहिली की बॅग डुलते, उभं राहून पायडल मारायला लागलात की मागून कोणीतरी सीट डावी-उजवीकडे ओढतंय असं वाटतं. अर्धी भरलेली बॅग पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देते. कमी सामान असेल तर मी जुना टॉवेल कोंबतो. लॅपटॉप मात्र यात जात नाही, १४ इंचाचा साधारण ३२ सेंटिमीटर रुंद असतो, तो आडवा कुठे घालणार.

हँडलवरच्या बॅगेबद्दल थोडक्यात. ड्रॉप हँडलच्या दोन वाकांच्या मधे मावेल एवढीच रुंद, गिअर-ब्रेकच्या केबल दाबल्या जाणार नाहीत अशी, आणि दोन किलोच्या आत. रेनकोट, फळं, पाकीट यासाठी ठीक. फ्रेमच्या त्रिकोणातली बॅग मला जास्त आवडते कारण ते वजन दोन चाकांच्या बरोबर मधे आणि खाली येतं, सायकलला कळतही नाही. कुलूप, पंप, चार्जर यांची ती जागा. फक्त फुगवून भरू नका, मांड्यांना घासते. आणि एक बाटलीचा स्टँड रिकामा असेल तर रुंद तोंडाच्या जुन्या बाटलीत ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), पॅच, एल-की (एल आकाराचा सहाकोनी पाना) भरून ठेवून द्या, वर फडकं कोंबा म्हणजे खुळखुळ नाही.

आता कॅरिअर, कारण रोज डबा आणि लॅपटॉप दोन्ही न्यायचं असेल तर फिरून फिरून इथेच यावं लागतं.

फ्रेमला भोकं असतील तर हलका ॲल्युमिनियमचा कॅरिअर घ्या, बोल्ट बहुतेक एम-५ चे (५ एमएम जाडीचे) असतात, ४ एमएमची एल-की लागते. सायकलच्या दुकानात मेकॅनिक कधीकधी मिळेल तो बोल्ट घालतो, तो लांब असेल तर आतून चेनला किंवा सगळ्यात छोट्या गिअरला घासतो, म्हणून चेन सगळ्यात छोट्या चक्रावर आणून चाक हाताने फिरवून बघा. बोल्टला आटे पकडून ठेवणारा निळा डिंक मिळतो तो लावा, लाल नको, लाल लावला की परत निघत नाही.

वरची भोकं नसतील तर सीटपोस्ट जिथे आवळतो ती रिंग बदलून कॅरिअरसाठी दोन आटे असलेली रिंग मिळते, मापाने घ्यायची, माप जुन्या रिंगवर लिहिलेलं असतं किंवा व्हर्नियरने मोजा. खालची नसतील तर क्विक रिलीजच्या (खटका उघडून चाक काढता येतं त्या) ॲक्सलमधे अडकवायचे अडॉप्टर येतात. थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड ॲक्सल) असेल तर त्याच्या जाडी-लांबीप्रमाणे वेगळं घ्यावं लागतं, अंदाजाने मागवू नका. आणि सगळ्यात स्वस्त जुगाड म्हणजे रबर लावलेला पी आकाराचा क्लॅम्प, हार्डवेअरच्या दुकानात पाइप भिंतीला लावायला मिळतो तसला. ॲल्युमिनियम किंवा स्टीलच्या पाइपवर आधी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची मग क्लॅम्प. पण हे क्लॅम्प हळूहळू खाली सरकतात, सामान जास्त असेल तर एक दिवस कॅरिअर टायरवर येऊन बसतो, म्हणून पाच-सहा किलोच्या वर नाही. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (चकती पकडणारा ब्रेकचा भाग) कॅरिअरच्या पायाला अडत नाही ना तेही बघा.

सीटपोस्टला एका टोकाने आवळून मागे तरंगणारा कॅरिअर पण मिळतो, पाच मिनिटांत लागतो म्हणून लोक घेतात. त्यावर मर्यादा ७ किंवा ९ किलो लिहिलेली असते आणि ती गंभीरपणे घ्या. मी घेतला होता. वजन सगळं उंच आणि मागे, खड्ड्यात बसला की तो थोडा गोल फिरतो, मग तुम्ही आवळता, मग परत फिरतो. वर डबा आणि टीशर्ट एवढंच न्यायचं असेल तर चालेल, त्याच्या बाजूला बॅगा टांगायच्या नाहीत, सरळ चाकात जातात.

कॅरिअर लागला की बाजूला लटकणाऱ्या पॅनिअर बॅगा. ओर्टलीबसारख्या जर्मन बॅगा भारी असतात, वरून गुंडाळून बंद होतात, पाणी जात नाही, पण किंमत बघून मी गप्प बसलो. स्वस्तातल्या पण चालतात, फक्त हुक घट्ट बसतो का आणि खाली एक अडकवायची कळ आहे का ते बघा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला बॅग उडी मारते. रोड बाइकची खरी अडचण वेगळीच आहे, टाच लागते. रोड बाइकचा मागचा भाग आखूड असतो, पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मध्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंत साधारण ४१ सेंटिमीटर, लांबच्या टूरच्या सायकलला हेच ४४-४५ असतं. म्हणजे तीन-चार सेंटिमीटर कमी, आणि तेवढ्यातच तुमची टाच बॅगेला आपटते. बूट ९ नंबर किंवा वरचा असेल तर हमखास. उपाय म्हणजे बॅग छोटी घ्या, पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेली घ्या, आणि हुक जेवढे मागे सरकतील तेवढे सरकवा. घेताना सायकल दुकानात घेऊन जा, बूट घालून जा, बॅगेत काहीतरी भरून उलटं पायडल मारून बघा. मी न बघता घेतली आणि बदलून आणायला दोन चकरा झाल्या.

एकच बॅग लावली तर चालते का, चालते, चार-पाच किलोपर्यंत. मी डावीकडे लावतो, उजवीकडे चेनचं ग्रीस लागतं आणि सायकल टेकवून ठेवताना पण चेनची बाजू मोकळी बरी.

लॅपटॉप पॅनिअरमधे घालायचा तर त्याला तळाला टेकू द्यायचा नाही, सगळे धक्के तळातून येतात. तळाला स्पंजचा तुकडा नाहीतर गुंडाळलेला टीशर्ट, त्यावर लॅपटॉप उभा, कॅरिअरच्या बाजूच्या कडक पाठीला सपाट लावून. आतमधे एसएसडी असेल तर धक्क्याची भीती कमी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करूनच, स्लीप मोडवर ठेवून नाही. आणि डबा आणि लॅपटॉप एका कप्प्यात कधीही नाही, म्हणजे नाहीच. माझी आमटी पाषाणच्या सर्कलला कुठेतरी सांडली आणि हिंजवडीत पोचेपर्यंत चार्जरला फोडणीचा वास येत होता, तो पुढे दोन महिने येत होता. आता मी पातळ भाजी फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, तो डबा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि तो उभाच. घरचे विचारतात रोज उसळ सुकीच का हवी, त्याचं कारण हे.

बांधायला ती आकडेवाली रबरी दोरी वापरू नका, म्हणजे स्कूटरवर चालते, इथे नको. ताणली जाते म्हणजेच सामान हलू देते, आणि आकडा सुटला तर सरळ स्पोकमधे. माझी सुटली तेव्हा नशिबाने वेग कमी होता, दोरी गिअरमधे अशी गुंडाळली गेली की कात्रीने कापावी लागली. बकलचा न ताणणारा नायलॉनचा पट्टा घ्या, ओढून आवळा, आणि उरलेलं लोंबणारं टोक पट्ट्यातच गुंतवून टाका. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत असले पट्टे मीटरवर मिळतात, बकल वेगळं घ्यायचं.

जून ते सप्टेंबर वेगळा विषय आहे. पाणी वरून येतं त्यापेक्षा जास्त मागच्या टायरवरून उडून येतं, चिखलासकट, आणि ते बरोबर सीटखालच्या बॅगेवर आणि तुमच्या पाठीवर. बॅगेवरचं रेनकव्हर हा दिखावा आहे, त्याला खालून पाणी लागतं, वाऱ्याने फुगतं, एकदा तर उडून नाल्यात गेलं. बाहेरून झाकण्यापेक्षा आतून गुंडाळा. बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी, तिचं तोंड पिळून दुमडून, त्यात लॅपटॉप. रबराच्या पट्ट्यावर बसणारं छोटं मडगार्ड पण लावा, रोड बाइकला २५-२८ एमएमच्या टायरवर बसतात असली मिळतात.

हवा. सामान मागे असेल तर मागच्या टायरमधे थोडी जास्त, मी २५ एमएमच्या टायरला नेहमी ८५ पीएसआय ठेवतो, सामान असेल तर ९०. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो त्याच्या वर नाही. कमी हवेत जड सायकल खड्ड्यात गेली की ट्यूब रिममधे चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. फ्रेममधे २८ एमएमचं टायर बसत असेल तर ते टाका, ऑफिसच्या रस्त्याला दोन मिनिटं जास्त लागली तरी पंक्चर कमी होतील.

मागचा लाल दिवा बॅगेमागे लपतो, हे नव्वद टक्के लोक विसरतात, म्हणजे आकडा माझा अंदाज आहे पण रस्त्यावर बघा. बॅग लावून, दिवा चालू करून, दहा पावलं मागे जाऊन बघायचं. दिसत नसेल तर कॅरिअरच्या शेवटाला नाहीतर बॅगेच्या पट्ट्यावर अडकवा.

पहिल्यांदा सामान लावून थेट ऑफिसला निघू नका. रविवारी सकाळी पाच किलो दळण घेऊन गिरणीत जाऊन या, याहून चांगली टेस्ट नाही, गहू बॅगेत हलतो पण सांडला तर गहूच सांडतो. जाताना दोन-तीन गोष्टी बघा: हात थोडे सैल सोडले तर हँडल थरथरतं का, उभं राहून पायडल मारलं तर मागचा भाग डुलतो का, ब्रेक मारल्यावर थांबायला किती जास्त जागा लागते. चांदणी चौकाच्या नव्या पुलांवरून उतरताना वेग फार पटकन चढतो, तिथे सामान असताना मी ब्रेक आधीपासून थोडे थोडे मारत येतो. चढाला मागे वजन जास्त असेल तर पुढचं चाक हलकं लागतं, सीटच्या टोकावर सरकून बसा. खड्डा दिसला तर बूड उचला, एरवीही उचलतोच, पण सामान असताना विसरलात तर किंमत स्पोक देतो. पाय टाकताना मागून टांग मारायची सवय असेल तर बॅगेला अडकून पडाल, सायकल तिरकी करून मधून पाय काढा. आणि स्टँड नसल्यामुळे भिंतीला टेकवताना मागचं चाक टेकवा, पुढचं नाही, सामानाच्या वजनाने सायकल गोल फिरून आडवी होते.

कॅरिअरचे बोल्ट पहिल्या आठवड्यानंतर एकदा आवळा, मग महिन्यातून एकदा. नवीन बोल्ट बसायला वेळ घेतात. एक जास्तीचा एम-५ बोल्ट कॅरिअरच्या दांडीला इन्शुलेशन टेपने चिकटवून ठेवा आणि ४ ची एल-की बाटलीत. हे मी करत नव्हतो तेव्हा एकदा संध्याकाळी वाकडपाशी डाव्या पायाचा बोल्ट गळून पडला आणि कॅरिअर चाकावर टेकला. जवळ एल-की होती, बोल्ट नव्हता. शेवटी ऑफिसच्या आयडी कार्डचा पट्टा काढून त्याने कॅरिअरचा पाय फ्रेमला बांधला आणि तसाच घरापर्यंत आलो, दुसऱ्या दिवशी गेटवर सिक्युरिटीने विचारलं कार्ड हातात का, पट्टा कुठे गेला.